मेणकापड, खळ आणि तैलरंग

युरोपातील तैलचित्रणाचा पंधराव्या शतकापासूनचा इतिहास हा मुख्यतः एकाच द्रव्याच्या प्रभुत्वाचा इतिहास आहे. जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात खललेले रंग रेशमाची झळाळी, कातडीचा मऊपणा, काचेची पारदर्शकता आणि धातूवर पडलेला उजेड असे सारे काही एकाच माध्यमातून उभे करू देत असत, आणि म्हणूनच जे दाखवायचे ते रंगवूनच दाखवायचे, खरी वस्तू उचलून चित्रात आणायची नाही, हा अलिखित नियम सुमारे चारशे वर्षे टिकून राहिला. १९१२ साली पॅरिसमध्ये हा नियम मोडला गेला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंथरण्याच्या मेणकापडाच्या एका तुकड्याने. कोलाज, म्हणजे कागद, कापड, छापील मजकूर किंवा इतर तयार वस्तू पृष्ठभागावर चिकटवून चित्र घडवण्याची पद्धत, तेव्हापासून तैलचित्राच्या आत शिरली आणि पुन्हा बाहेर गेली नाही. कलेतिहासाच्या पुस्तकांत ही घटना बहुधा पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक या दोन प्रतिभावंत चित्रकारांच्या बौद्धिक साहसाची कथा म्हणून येते. त्या काळात प्रत्यक्ष कोणते साहित्य वापरले गेले, कोणती हत्यारे हातात होती आणि ती कोणत्या दुकानांतून आली याकडे नीट पाहिले, तर त्या साहसाचा बराचसा पाया घरे आणि दुकाने रंगवणाऱ्या कारागिरांच्या धंद्यात घातला गेला होता, हे मान्य करावे लागते.

चित्रावर परकी वस्तू बसवणे १९१२ च्या आधी कोणालाच सुचले नव्हते असे नाही. इटालियन चित्रकार कार्लो क्रिवेल्ली याने १४७६ साली केलेल्या आणि सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या वेदीचित्रात संत पीटरच्या हातातील किल्ल्या लाकडात कोरून चित्रफलकावर बसवलेल्या आहेत. रशियातील ऑर्थोडॉक्स चर्चच्या पवित्र प्रतिमांवर चांदीचा किंवा पितळेचा घडीव पत्रा चढवण्याची रीत होती आणि त्या पत्र्याला रंगवलेला चेहरा व हात तेवढे दिसावेत अशा बेताने खिडक्या ठेवलेल्या असत. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२), बहरलेल्या चित्रशैलीत लाकडी फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लेपाने दागिन्यांचा व महिरपींचा उठाव काढीत, त्यात काचेचे खडे बसवीत आणि वर सोन्याचा वर्ख लावीत. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चिकटवलेली वस्तू चित्रातील विषयाशी एकमताने वागते: देवाच्या दागिन्याच्या जागी दागिन्यासारखाच खडा येतो, संताच्या किल्लीच्या जागी किल्लीच येते, आणि चित्राची प्रतिष्ठा त्यामुळे वाढते. १९१२ साली चित्रात आलेली वस्तू हलकी होती, बाजारू होती, आणि आपण जे नाही ते असल्याचा देखावा करणारी होती. फरक तिथे आहे.

तो देखावा समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शहरांमधील सजावट-रंगाऱ्याचा धंदा थोडा पाहायला हवा. संगमरवर आणि ओकचे लाकूड ज्यांना परवडत नसे, अशा मध्यमवर्गीय घरांना, कॅफेंना आणि दुकानांना त्यांचा भास तरी हवा असे, आणि तो भास निर्माण करणे हे या कारागिराचे मुख्य काम होते. लाकडाचा भास करण्यासाठी तो आधी पिवळट रंगाचा हात देई, तो वाळल्यावर त्यावर तपकिरी रंगाचा पातळ थर चढवी आणि तो थर ओला असतानाच कमीअधिक रुंद दात्यांची फणी त्यावरून थरथरत्या हाताने ओढी. फणीच्या दात्यांनी वरचा रंग खरवडला जाऊन खालचा पिवळा उघडा पडे आणि ओकच्या रेषा उमटत. संगमरवराच्या शिरा पिसाने किंवा बारीक कुंचल्याने काढल्या जात. दुकानावरची अक्षरे स्टेन्सिल, म्हणजे अक्षराच्या आकाराची भोके पाडलेला पत्रा किंवा जाड कागद, वापरून उठवली जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हातकामालाही स्पर्धा निर्माण झाली, कारण लाकडाच्या रेषा छापलेले भिंतीचे कागद आणि वेताच्या विणीचे छाप असलेली मेणकापडे कारखान्यांतून स्वस्तात मिळू लागली.

जॉर्ज ब्राक याचा जन्म १८८२ साली पॅरिसजवळच्या आर्जांतय येथे झाला आणि तो ल हाव्र या बंदराच्या शहरात वाढला. त्याचे वडील आणि आजोबा याच धंद्यातले होते. ब्राकने स्वतः रीतसर उमेदवारी केली, १९०० साली तो पुढील शिक्षणासाठी पॅरिसला एका सजावट-रंगाऱ्याकडे गेला आणि १९०२ मध्ये त्याला कारागिराचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे पाब्लो पिकासो बार्सिलोना आणि माद्रिद येथील कला अकादमींच्या पठडीत शिकत होता, त्याच्या आसपासच्या वर्षांत ब्राक भिंती, अक्षरे, संगमरवर आणि लाकूड यांचे खोटे पृष्ठभाग खरे वाटावेत असे रंगवायला शिकत होता. घनवाद, म्हणजे वस्तूचे अनेक कोनांतून दिसणारे पैलू एकाच प्रतलावर तुकड्यातुकड्यांनी मांडणारी चित्रपद्धती, या दोघांनी १९०८ नंतर मिळून विकसित केली. १९११ च्या सुमारास ती इतकी अमूर्त झाली की चित्रात वस्तू कुठे आहे हे शोधावे लागू लागले. त्या कोंडीतून बाहेर पडण्याची जी साधने ब्राकने वापरली, ती एकामागून एक त्याच्या जुन्या धंद्यातली होती. ‘पोर्तुगीज’ या तैलचित्रात त्याने स्टेन्सिलची अक्षरे आणली. १९११-१२ च्या हिवाळ्यातील संगीतकार बाखला वाहिलेल्या चित्रात त्याने व्हायोलिनच्या लाकडासाठी रंगाऱ्याच्या पद्धतीने लाकडाच्या रेषा काढल्या. १९१२ मध्ये त्याने तैलरंगात वाळू मिसळली. फणीचा उपयोग त्याने पिकासोलाही शिकवला, आणि पिकासोने त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातील ‘कवी’ या चित्रात तिने लाकडाऐवजी माणसाचे केस आणि मिशा रंगवल्या. पिकासो याच काळात ‘रिपोलिन’ हा दारे-खिडक्यांना लावायचा तयार तैल-एनॅमल रंगही कॅनव्हासवर वापरत होता. उच्च कलेच्या चित्रशाळेत रंगाऱ्याचे दुकान हळूहळू उतरत होते, आणि चिकटवलेली वस्तू ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होती.

ती पायरी पिकासोने १९१२ च्या मे महिन्यात ओलांडली. ‘वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्र’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र अवघे २९ सेंटिमीटर उंच आणि ३७ सेंटिमीटर रुंद असून लंबगोल आहे. (स्थिरचित्र म्हणजे फळे, भांडी, वाद्ये यांसारख्या निर्जीव वस्तूंच्या मांडणीचे चित्र.) चित्राच्या खालच्या डाव्या बाजूस मेणकापडाचा एक तिरका तुकडा चिकटवलेला आहे आणि त्यावर वेताच्या विणीची हुबेहूब छपाई आहे. बाकीच्या भागात तैलरंगाने काचेचा पेला, पाइप, सुरी, लिंबाची चकती आणि शिंपला यांचे घनवादी पैलू रंगवलेले आहेत, वरच्या अंगाला जे, ओ, यू ही तीन रोमन अक्षरे आहेत जी फ्रेंच भाषेतील वर्तमानपत्र या शब्दाची सुरुवात म्हणून वाचता येतात आणि खेळ या शब्दाचीही, आणि सबंध चित्राभोवती लाकडी चौकटीऐवजी जाड दोर गुंडाळलेला आहे. जवळून पाहिले असता लक्षात येते की मेणकापड जसेच्या तसे राहू दिलेले नाही. त्याच्या काठावरून तैलरंगाचे करडे आणि तपकिरी पट्टे पुढे सरकले आहेत, वेताच्या विणीवर सावल्या पडल्या आहेत, आणि त्यामुळे छापील भाग कुठे संपतो आणि रंगवलेला कुठे सुरू होतो याची रेषा डोळ्याला ठामपणे सापडत नाही. कॅफेतील काचेच्या टेबलातून खालची खुर्ची दिसावी तसा हा देखावा आहे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे.

या चित्रात सर्वांत खरी वाटणारी गोष्ट, म्हणजे वेताची वीण, हीच सर्वांत खोटी आहे, ही गोष्ट समीक्षकांनी वारंवार सांगितली आहे आणि ती बरोबरच आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी बाब मात्र क्वचितच मांडली जाते. मेणकापड म्हणजे जवसाच्या तेलाचे थर चढवून जलरोधक केलेले कापड. तैलचित्राचा कॅनव्हास म्हणजेही जवसाच्या तेलातील रंगांचे थर चढवलेले कापडच. म्हणजे पिकासोने तैलचित्रावर जी पहिली परकी वस्तू चिकटवली, ती रसायनाच्या दृष्टीने परकी नव्हतीच. एकाच तेलाने आणि एकाच कापडाने बनलेली, पण बाजारात आणि समाजात अगदी वेगळी किंमत असलेली अशी ती दोन भावंडे होती. एक लूव्ह्रमध्ये टांगले जाई आणि दुसरे जेवणानंतर ओल्या फडक्याने पुसले जाई. पिकासोने हे चित्र आयुष्यभर विकले नाही. त्याच्या मृत्यूनंतर वारसाकराच्या बदल्यात जो संग्रह १९७९ साली फ्रेंच सरकारकडे आला त्यात ते होते, आणि आता ते पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे.

१९१२ च्याच उन्हाळ्यात पिकासो आणि ब्राक दक्षिण फ्रान्समधील अव्हिन्यॉनजवळ सोर्ग या गावी राहत होते. सप्टेंबरच्या सुरुवातीस पिकासो काही दिवस पॅरिसला गेला असताना ब्राकने अव्हिन्यॉनच्या एका दुकानात पाहून ठेवलेला, ओकच्या लाकडाची छपाई असलेला भिंतीचा कागद विकत आणला. त्याचे तुकडे कापून त्याने पांढऱ्या कागदावर चिकटवले आणि भोवती कोळशाने द्राक्षे, फळांची बशी व पेला रेखाटला. ‘फळांची बशी आणि पेला’ हे ते चित्र. वरच्या भागातील लाकडी कागद कॅफेच्या भिंतीचे फळकाम होतो आणि खालचा तुकडा, त्यावर कोळशाने एक छोटी मूठ काढल्याबरोबर, टेबलाचा खण होतो. फ्रेंचांनी या प्रकाराला चिकटवलेला कागद असेच साधे नाव दिले. त्यातली खरी नवलाई अशी की रेषा आणि रंग यांची फारकत झाली: रंग कागदाने द्यायचा, आकार रेषेने सांगायचा, आणि एकाने दुसऱ्याच्या कडा पाळायच्याच असे नाही. ब्राकने या कामात तैलरंग वापरला नव्हता. पण ज्या फणीने तो स्वतः लाकूड रंगवू शकत होता, त्या फणीचे काम कारखान्यातून छापून आलेल्या कागदावर सोपवताना त्याने आपल्या जुन्या धंद्याकडेच पुन्हा पाहिले होते.

पिकासोने ती पद्धत तत्काळ उचलली आणि ऑक्टोबर १९१२ मध्ये ब्राकला पत्राने तसे कळवलेही. पुढच्या काही महिन्यांत त्याने वर्तमानपत्रे, स्वरलेखनाचे छापील कागद आणि भिंतीचे कागद वापरून चित्रांची रांगच लावली. १८ नोव्हेंबर १९१२ च्या ‘ल जुर्नाल’मधील बाल्कन युद्धाच्या मथळ्याचा तुकडा गिटारच्या शेजारी आला. त्या वेळी वाचकांच्या हातात आलेली ताजी बातमी अशी स्थिरचित्रात बसली, आणि जे स्थिरचित्र शतकानुशतके काळाबाहेरचे मानले जात होते त्याला एका विशिष्ट तारखेची ओळख चिकटली. तुकडे नेमके कुठे बसवायचे हे ठरेपर्यंत पिकासो ते टाचणीने टोचून ठेवीत असे. काही चित्रांत त्या टाचण्यांची भोके आजही दिसतात.

या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची घटना त्यानंतर घडली. कागदाने शिकवलेले तैलरंगाकडे परत आले. ब्राकचे १९१३ मधील ‘फळांची बशी आणि पत्ते’ हे तैलचित्र आता पॅरिसच्या पोंपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. त्यात ओकच्या लाकडाचे पट्टे आहेत, त्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ आहेत, आणि पाहणाऱ्याची पहिली समजूत होते की कागद चिकटवला असावा. प्रत्यक्षात ते पट्टे रंगवलेले आहेत. लाकडाची नक्कल करणारा रंग, त्या रंगाची नक्कल करणारा छापील कागद आणि त्या कागदाची नक्कल करणारा पुन्हा तैलरंग असा हा तीन पायऱ्यांचा प्रवास सुमारे वर्षभरात पूर्ण झाला. पिकासोचे १९२१ मधील ‘तीन वादक’ हे भव्य चित्र निखळ तैलरंगात आहे, त्यात कागदाचा एक कपटाही नाही, आणि तरीही ते रंगीत कागद कापून मांडल्यासारखे दिसते. सपाट रंगाची पृष्ठे, तीक्ष्ण कडा आणि एकमेकांवर सरकलेले थर ही विसाव्या शतकातील तैलचित्राची भाषा कात्रीने घडवली. छायाप्रकाशाने गोलाई दाखवण्याची जी सवय चित्रकारांना चारशे वर्षे लागली होती, ती एवढ्या थोड्या अवधीत सुटली, याचे श्रेय कात्री आणि खळ यांना द्यायला हवे.

या दोघांच्या सावलीत राहिलेला हुआन ग्रिस हा स्पॅनिश चित्रकार कोलाज आणि तैलरंग यांच्या प्रत्यक्ष संयोगाच्या बाबतीत या दोघांहून अधिक पद्धतशीर होता. १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधील एका प्रदर्शनात त्याने हात-तोंड धुण्याच्या मेजाचे जे तैलचित्र मांडले, त्यात आरशाच्या जागी खऱ्या आरशाचा तुकडा बसवला होता. त्यामागचा त्याचा विचार सरळ होता: इतर सर्व पृष्ठभाग रंगवता येतात, पण आरशात सतत बदलणारे प्रतिबिंब असते, ते रंगवून स्थिर करणे म्हणजे आरसा नाहीसा करणे. १९१३ च्या व्हायोलिनच्या एका चित्रात त्याने चौकटीतले छापील खोदचित्र चिकटवले. ते काढून मालकाने तिथे दुसरे काही लावले तरी आपली हरकत नाही, कारण चित्राचा तोल त्या तुकड्याच्या आशयावर अवलंबून नाही, अशी त्याची भूमिका त्याच्या पत्रव्यवहारातून दिसते. चित्रकाराने आपल्या चित्रातील एक भाग मालकाच्या मर्जीवर सोपवणे ही तैलचित्राच्या परंपरेत अपूर्व गोष्ट होती. १९१४ मधील त्याची चित्रे, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘न्याहारी’, तर संपूर्ण कॅनव्हास चिकटवलेल्या कागदांनी झाकून त्यावर तैलरंग, गोंदरंग आणि क्रेयॉन यांनी केलेली आहेत. पिकासो आणि ब्राक यांच्या चित्रांत कागद हा पाहुणा असतो, तर ग्रिसच्या या चित्रांत कागद हीच जमीन आहे आणि तैलरंग तिच्यावर येतो. ग्रिसला घनवादातील तिसरे नाव म्हणून जे दुय्यम स्थान दिले जाते ते किमान या एका बाबतीत अन्यायाचे आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ही भागीदारी संपली. ब्राक सैन्यात गेला आणि १९१५ मध्ये डोक्याला गंभीर जखम होऊन परतला. या सर्वांची चित्रे विकणारा दानियल-हेन्री कानवायलर हा जर्मन नागरिक असल्यामुळे त्याचा साठा शत्रूची मालमत्ता म्हणून फ्रेंच सरकारने जप्त केला आणि १९२१ ते १९२३ या काळात त्याचा लिलाव झाला. पद्धत मात्र तोपर्यंत सीमा ओलांडून गेली होती. रशियात काझिमिर मालेविचने १९१४ मध्येच एका सैनिकाच्या तैलचित्रावर टपाल तिकीट आणि खरा तापमापक लावला होता.

जर्मनीतील हानोव्हरचा कुर्ट श्विटर्स हा या परंपरेतील पुढचा मोठा चित्रकार. ड्रेस्डेनच्या अकादमीत तैलचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या माणसाने पहिल्या महायुद्धानंतरच्या पडझडीत ट्रामची तिकिटे, वेष्टने, जाळी, चाके आणि लाकडाचे तुकडे गोळा करून ते खिळ्यांनी व सरसाने बसवले आणि त्यांना तैलरंगाने एकत्र बांधले. एका बँकेच्या जाहिरातीतील शब्दाचा कापलेला तुकडा, ‘मेर्त्स’, त्याच्या चित्रात उरला आणि तेच त्याने आपल्या सबंध कलेचे नाव केले. घनवाद्यांकडे कागद दुकानातून नवा येत असे, श्विटर्सकडे तो रस्त्यावरून वापरून आला. नाझींनी १९३७ साली म्यूनिकमध्ये आधुनिक कलेच्या बदनामीसाठी भरवलेल्या प्रदर्शनात त्याचे ‘मेर्त्सबिल्ड’ हे चित्र टांगले गेले आणि त्यानंतर ते कायमचे नाहीसे झाले. नॉर्वे आणि इंग्लंड येथील निर्वासित जीवनात त्याने पोटासाठी व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे तैलरंगात रंगवली. अमेरिकेत रॉबर्ट रॉशेनबर्गने १९५४ नंतर ही वाट इतकी रुंद केली की १९५५ मधील ‘बिछाना’ या कृतीत त्याने उशी, चादर आणि गोधडीवरच तैलरंग ओतला. तिथून पुढे चित्र आणि वस्तू यांतील भिंत उरली नाही, आणि तो इतिहास शिल्पाच्या दिशेने जातो.

कागद आणि तैलरंग यांचे हे लग्न मुळातच अवघड आहे, आणि त्याचे परिणाम शंभर वर्षांनंतर संग्रहालयांना भोगावे लागत आहेत. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, त्या क्रियेत आम्ल द्रव्ये तयार होतात, आणि ती कागदाच्या तंतूंना कुरतडतात. तेल थेट कागदात मुरले तर कागद आधी अर्धपारदर्शक, मग तपकिरी आणि शेवटी ठिसूळ होतो. वर्तमानपत्राचा कागद तर लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा असतो आणि त्यातील लिग्निन हे द्रव्य उजेडात पिवळे पडते. त्यामुळे १९१२ मध्ये जो कागद करडा-पांढरा होता तो आज मधाच्या रंगाचा झालेला आहे आणि चित्रातील रंगसंबंध मूळ राहिलेले नाहीत. जाणते चित्रकार म्हणून कागदाच्या दोन्ही बाजूंना आधी सरसाचा पातळ हात देतात, म्हणजे तेल आणि तंतू यांच्या मध्ये एक पडदा उभा राहतो. गव्हाच्या पिठाची खळ पाण्याने सुटते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला ती सोयीची, पण कसर आणि बुरशी यांनाही ती तितकीच प्रिय. १९५० च्या दशकात आलेले अॅक्रिलिक माध्यम आणि आपल्याकडे १९५९ पासून मिळू लागलेला फेव्हिकॉल यांनी चिकटवण्याचे काम सोपे केले, मात्र एकदा बसलेला कागद परत सुटा करण्याची शक्यता जवळपास संपवली. त्यात भर अशी की घनवादी चित्रकारांना आपले पृष्ठभाग कोरडे, चमक नसलेले हवे होते, आणि पुढच्या मालकांनी जुन्या तैलचित्रांप्रमाणे त्यांवर वॉर्निश चढवले. कागद, वाळू आणि रंग यांच्या पोतांतील जो फरक हाच चित्राचा विषय होता तो त्या एका चकाकीखाली दबला.

भारतात हा संयोग दोन वेगळ्या वाटांनी आला, आणि त्यांतली पहिली वाट पिकासोच्या आधीची आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवलेल्या छापखान्यातून ओलिओग्राफ निघू लागले. ओलिओग्राफ म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेले, वर वॉर्निश दिलेले आणि पुष्कळदा कॅनव्हासचा पोत दाबून उठवलेले, तैलचित्राचा भास करणारे चित्र. ही लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरी आल्यावर अनेक कुटुंबांत त्यांना वस्त्रे चढवली जात. देवीच्या साडीच्या जागी मखमल किंवा किनखाब कापून चिकटवायचा, काठाला जर लावायची, दागिन्यांवर मणी व टिकल्या बसवायच्या आणि चेहरा, हात, पाय तेवढे छापलेले मोकळे ठेवायचे, ही ती रीत. रशियन प्रतिमांवरच्या पत्र्याशी तिचे असलेले साम्य विलक्षण आहे, कारण दोन्हीकडे प्रेरणा पूजेची आणि शृंगाराची होती. तैलचित्राच्या नकलेवर खरे कापड चिकटवण्याचे हे काम मुख्यतः घरगुती हातांनी केले, आणि त्यांपैकी बहुतेक हातांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.

दुसरी वाट शिक्षित चित्रकारांची. मुंबईत १९३४ साली जन्मलेला, व्यवसायाने सनदी लेखापाल असलेला आणि १९६२ मध्ये बडोद्याला गेलेला भूपेन खख्खर याने आपले पहिले एकल प्रदर्शन १९६५ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत भरवले. त्यात बाजारातील देवादिकांच्या छापील चित्रांतून आकृत्या कापून त्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यांवर रंगाचे फराटे व भिंतीवर खरडतात तसा मजकूर होता. ज्या चित्रांना गृहिणींनी वस्त्रे नेसवली त्यांनाच खख्खरने कात्री लावली. या प्रदर्शनानंतर काही वर्षांतच तो तैलरंगाकडे वळला आणि न्हावी, घड्याळदुरुस्तीवाला अशा सामान्य माणसांची चित्रे रंगवू लागला. त्या चित्रांतील भडक, सपाट आणि निःसंकोच रंग छापील चित्रांच्या सहवासातून आलेले आहेत, ही गोष्ट त्या प्रदर्शनाची आठवण ठेवल्याशिवाय नीट उलगडत नाही.

गोरेगावला १९२४ मध्ये जन्मलेले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले मोहन सामंत हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे मराठी नाव आहे आणि महाराष्ट्रात ते सर्वांत कमी उच्चारले जाते. मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी १९५० च्या दशकात जोडले गेलेले सामंत १९६८ पासून न्यूयॉर्कला स्थायिक झाले, आयुष्यभर सारंगी वाजवत राहिले आणि २००४ मध्ये तिथेच वारले. वाळू मिसळलेला जाड रंग, कापून बसवलेल्या कागदी आकृत्या आणि तारेने काढलेली रेखाटने ही त्यांच्या कॅनव्हासवर एकत्र नांदतात. तार पृष्ठभागापासून किंचित वर उभी राहते आणि तिची सावली रंगावर पडून दुसरी रेषा तयार होते. सामंतांच्याच जन्मवर्षी, १९२४ मध्ये, नागपुरात जन्मलेले, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील वासुदेव गायतोंडे यांनी मात्र कागदाचा उपयोग नेमका उलटा केला. वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून फाडलेले कागदाचे आकार ते रंगासह कॅनव्हासवर दाबत आणि उचलून घेत, त्यामुळे कागद निघून जाई आणि त्याची कड व रंगाचा ठसा तेवढा तैलरंगात उरे. कोलाजची क्रिया आहे, कोलाज नाही, असे हे एक मोठे उदाहरण म्हणता येईल.

ब्राकच्या भिंतीच्या कागदाला आणि पिकासोच्या मेणकापडाला जगातील उत्तम प्रयोगशाळा उपलब्ध आहेत. महाराष्ट्रातील वाड्यांत आणि चाळींतल्या देवघरांत उरलेल्या वस्त्रे चढवलेल्या ओलिओग्राफांना मात्र कोणी वाली नाही. चौकट बदलायला दिली की खालचे छापील चित्र स्वच्छ दिसावे म्हणून विटलेली जर आणि सुटलेल्या टिकल्या काढून टाकल्या जातात, आणि चित्राचा निम्मा इतिहास केरात जातो. ज्यांच्या घरी अशी चित्रे आहेत त्यांनी ती काचेला टेकणार नाहीत अशा खोल चौकटीत, उन्हापासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावीत, पाण्याने किंवा स्पिरिटने पुसू नयेत, सुटलेले मणी व जरीचे धागे एका पाकिटात घालून चौकटीच्या मागेच जपावेत, आणि ते काम घरातल्या कोणत्या स्त्रीने केले हे जाणणारे कोणी हयात असेल तर तिचे नाव मागच्या कागदावर पेन्सिलने लिहून ठेवावे.